अपघात कळवणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो का? (जैवसुरक्षा, साथरोग आणि कलमं)

काचनळी

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. एक काम अंगावर आलंय आणि ते एकटीने निभावणं मला अवघड जातंय.

मी क्षयरोगाचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमची जैवसुरक्षा नियमावली नव्याने लिहिली जातेय आणि त्यातलं 'अपघाताची नोंद व सूचना' हे कलम माझ्याकडे आलंय. जुन्या नियमावलीत त्यावर एकच वाक्य आहे: 'कोणतीही दुर्घटना घडल्यास कर्मचाऱ्याने वरिष्ठांना तत्काळ कळवावे, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.' हे वाक्य वाचलं की मला एक दिवस आठवतो.

तेव्हा मी दुसरीकडे नोकरीला होते. सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने गरगर फिरवणारं यंत्र) थांबला, मी झाकण उघडलं आणि आत एक नळी तडकलेली दिसली. तळाला ओल, झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंबांची रेघ. त्या नळीत वाढवलेले क्षयाचे जंतू होते. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला पाठ असतं. झाकण परत लावायचं, घाई न करता बाहेर पडायचं, दार बंद करायचं, हवेत उडालेले कण खाली बसेपर्यंत निदान अर्धा तास आत पाऊल टाकायचं नाही. ते सगळं मी बिनचूक केलं. मग नोंदवही उघडली आणि पेन हातात धरून बसून राहिले, कारण वरिष्ठ शेजारी उभे राहून म्हणत होते, "लिहू नकोस. लिहिलंस की चौकशी लागेल, मान्यता अडकेल, आणि पहिला प्रश्न तुलाच येईल, नळी नीट बघून का नाही घातलीस?"

माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी त्या दिवशी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, कारण माझ्यासोबत त्या खोलीत एक मदतनीस होती, ती गरोदर होती, आणि तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढे काही महिने आम्हा दोघींच्या तपासण्या झाल्या, अहवाल स्वच्छ आले. पण ती मधली रात्र मला अजून सलते.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालंय. रोगाशी संबंधित कुठलाही कायदा घ्या, प्रयोगशाळेचा, साथीचा, जनावरांचा नाहीतर दोन देशांमधला. तो चालतो की नाही हे एकाच ठिकाणी ठरतं: ज्याला पहिल्यांदा कळलं, त्याला तोंड उघडायला तो धीर देतो की नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्डलोव्हस्क शहरात लष्करी संस्थेतून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले आणि निदान ६६ माणसं गेली. दूषित मांसामुळे झालं, असं सरकार सांगत राहिलं. खरं कारण जाहीरपणे मान्य व्हायला १९९२ उजाडलं. वूहानमधल्या डॉ. ली वेनलियांग यांनी आपल्या सहकारी डॉक्टरांना करोनाच्या नव्या आजाराबद्दल सावध केलं, तर जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल समजपत्रावर सही घेतली. सुमारे पाच आठवड्यांनी ते त्याच आजाराने वारले. ते समजपत्र मार्चमध्ये मागे घेतलं गेलं.

तर माझं कलम कसं लिहू? कायद्यातले, दवाखान्यातले, पशुवैद्यकीतले, ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

तळटीप

काचनळीताई, हे मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आधी आभार. मी वकिली करतो, त्यातली काही वर्षं सार्वजनिक आरोग्याच्या प्रकरणांत गेली आहेत.

पहिली गल्लत शब्दापासूनच होते. 'जैवसुरक्षा' हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो. जंतूपासून माणसाला जपणं हे एक काम, आणि चोरी-गैरवापर करणाऱ्या माणसापासून जंतूला जपणं हे दुसरं. पहिल्यात चूक होणार हे गृहीत धरून नियम करायचे असतात, ते कामगार-सुरक्षेच्या कायद्यांच्या कुळातले. दुसऱ्यात हेतू पाहायचा असतो, तो फौजदारीचा प्रांत. दुसऱ्याचा पोलीस पहिल्याच्या दारात उभा केला की तुमच्या वरिष्ठांसारखी माणसं तयार होतात.

सत्तेला संरक्षण आणि सांगणाऱ्याला धाक ही रचना जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मूळ कायदा चार कलमांचा. पहिल्या कलमात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला हवे ते नियम करायची मुभा, तिसऱ्यात आज्ञाभंगाची शिक्षा, चौथ्यात सद्भावनेने काम करणाऱ्यांवर दावा चालणार नाही असं अभय. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण 'असल्यास' एवढ्या शब्दात. आजारी माणसाने वा त्याच्या घरच्यांनी दाद कुठे मागायची, अधिकार किती दिवस चालतील, यावर अक्षर नाही. मग पुण्यात सैनिक घरोघर झडती घ्यायला लागले तेव्हा लोकांनी काय केलं? रोगी लपवले, प्रेतं लपवली. प्लेग कमिशनर रँडवर २२ जून १८९७ ला गोळ्या झाडल्या गेल्या तो इतिहास आपल्याला माहीत असतो. ज्या घरांनी ताप आलेलं पोर माळ्यावर दडवलं, त्यांचा इतिहास कायद्याच्या दृष्टीने जास्त शिकवणारा आहे.

या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत. ती गरजेचीच होती. पण रोग्याचे हक्क त्याही वेळी राहून गेले.

दुसरं टोक अमेरिकेतलं. जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स, १९०५. देवीची लस घ्यायला नकार दिला म्हणून पाद्री जेकबसनला पाच डॉलर दंड झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम केला. समाजाच्या आरोग्यासाठी व्यक्तीच्या स्वातंत्र्याला मर्यादा घालता येते, हे तत्त्व तिथून रुजलं. मला ते मान्य आहे. पण लक्षात घ्या, तिथे शिक्षा दंडाची होती, धरून-बांधून टोचायची नव्हती. आणि याच निकालाचा आधार घेत १९२७ मध्ये त्याच न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात एका तरुण बाईची सक्तीने नसबंदी करायला परवानगी दिली. एका साथीपुरता दिलेला अधिकार बाईच्या गर्भाशयापर्यंत पोचायला बावीस वर्षं लागली. म्हणून कुठल्याही आणीबाणीच्या कलमात मी आधी मुदत शोधतो, मग कारण लेखी द्यायची सक्ती, मग अपील.

१९८४ ची सिराक्युसा तत्त्वं, म्हणजे मानवी हक्कांवर निर्बंध कधी घालता येतात याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, हेच सांगतात: निर्बंध कायद्याने घातलेला हवा, खरोखर गरजेचा हवा, उपलब्ध उपायांपैकी कमीत कमी जाचक हवा, मनमानी वा भेदभाव करणारा नको. हा भेदभाव कसा होतो ते सॅन फ्रान्सिस्कोने १९०० मध्ये दाखवलं. प्लेगच्या नावाखाली तिथल्या चिनी वस्तीला वेढा घातला, तोही असा की त्याच रस्त्यावरची गोऱ्यांची दुकानं वेढ्याबाहेर राहिली. न्यायालयाने तो उठवला.

खूर_शिंग

काचनळीताई, मी पशुवैद्य आहे. तुमचा प्रश्न आमच्याकडे रोज पहाटे फोनवर येतो.

कोंबड्यांचा बर्ड फ्लू असा कळतो: शेडवाला पहाटे दिवा लावतो आणि जिथे एरवी कलकलाट असतो तिथे शांतता असते. पाच-सात पक्षी मेलेले, बाकीचे मान टाकून, तुरे निळसर. त्या क्षणी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. मला फोन करायचा, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळी शेड मारली जाणार आणि आजूबाजूची शेडही. किंवा उरलेले पक्षी अंधारातच गाडीत भरायचे. दुसऱ्या वाटेने रोग किती लांब जातो हे त्याला कळत नाही असं नाही, पण हप्ते डोळ्यांसमोर असतात.

इथे कायद्याची बारीक अक्षरं फार मोठं काम करतात. बऱ्याच देशांत भरपाई मिळते ती मारलेल्या जिवंत पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. हेतू चांगला आहे, लवकर कळवलंस तर जास्त पक्षी मोजले जातील. पण मोजणी कधीची धरायची? फोन मंगळवारी आला, पथक शुक्रवारी पोचलं, तर मधल्या तीन दिवसांत मेलेले पक्षी कुणाच्या खात्यात? शेतकऱ्याने वेळेत सांगितलं, उशीर सरकारचा, नुकसान मात्र त्याचं. ब्रिटनमध्ये २०२२ च्या मोठ्या साथीत हाच प्रश्न आला आणि तिथे नियम बदलला. कत्तलीच्या शेवटी उरलेल्यांची मोजणी करण्याऐवजी कत्तल ठरवताना किती निरोगी पक्षी आहेत ते धरायला लागले. एक तारीख बदलली आणि शेतकऱ्याला फोन करायचं कारण मिळालं.

आता कायदाच नसताना हुकूम दिला की काय होतं ते डेन्मार्कमध्ये बघा. मिंक नावाचा फरासाठी पाळला जाणारा प्राणी. ४ नोव्हेंबर २०२० ला तिथल्या पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की करोनाचा बदललेला विषाणू मिंकमध्ये सापडलाय, देशातले सगळे मिंक मारायचे. संख्या दीड कोटीच्या वर. शेतकऱ्यांनी मारायला सुरुवातही केली. काही दिवसांत उघड झालं की बाधित भागाबाहेरचे निरोगी मिंक मारायला लावायचा अधिकार सरकारला कुठल्याच कायद्याने दिलेला नव्हता. कृषिमंत्र्यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला, कायदा डिसेंबरमध्ये मागाहून झाला. घाईत उथळ पुरलेले प्राणी कुजून त्यात वायू धरला आणि ती प्रेतं माती फोडून वर आली. खाली भूजल दूषित होईल म्हणून पुढे उकरून काढावी लागली. २०२२ मध्ये चौकशी आयोगाने हुकूम बेकायदा ठरवला, सरकारचा पाठिंबा डळमळला आणि मुदतीआधी निवडणूक घ्यावी लागली.

शास्त्रज्ञांची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मी मुद्दाम लिहितोय. धोका खरा असूनही कलम नसेल तर तुम्ही चुकीचेच ठरता. आणि ज्यांनी मुकाट ऐकलं, आयुष्यभराची निवडलेली जात एका आठवड्यात संपवली, त्यांना पुढच्या वेळी फोन करा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

उभाआडवा

मी थोडा विरोधात लिहितो. मी गुणवत्ता तपासनीस आहे, प्रयोगशाळांत जाऊन वह्या तपासणं हेच माझं काम.

'कळवलं की माफ' हा नियम ऐकायला छान आहे. पण मी अशीही माणसं पाहिलीत की महिन्याला तीनदा तीच चूक करतात, तीनदा प्रामाणिकपणे लिहितात, आणि चौथ्यांदा पुन्हा करतात. शेजारी उभ्या असलेल्याचं काय? १९७८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जॅनेट पार्कर ही वैद्यकीय छायाचित्रकार देवीने मेली. तिची खोली ज्या इमारतीत होती तिच्याच खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूंवर संशोधन चालू होतं. जगात देवीने मेलेली ती शेवटची व्यक्ती. विद्यापीठावर कामगार-सुरक्षा कायद्याखाली खटला झाला आणि १९७९ मध्ये विद्यापीठ निर्दोष सुटलं. विषाणू तिच्यापर्यंत नेमका कुठल्या वाटेने पोचला हे निर्विवाद सिद्धच करता आलं नाही. मग तिच्या घरच्यांना न्याय कोणता मिळाला?

माझं म्हणणं इतकंच, की शिक्षेचा धाक पूर्ण काढला तर काळजी घेणाऱ्याची आणि न घेणाऱ्याची किंमत एकच होते.

काचनळी

उभाआडवा, तुमचा मुद्दा मला टोचला, आणि बरोबर जागी टोचला. त्या मदतनीसाच्या जागेवरून बघितलं तर मीही शेजाऱ्याला धोक्यात घालणारीच होते.

पण माझ्या वाचनात टेक्सासमधली दोन प्रकरणं आली, ती शेजारी ठेवून बघा. पहिलं २००६ मधलं. एका विद्यापीठात संशोधन करणाऱ्या व्यक्तीला ब्रुसेलाचा, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या एका जंतूचा, संसर्ग झाला. कायद्याने तो लगेच कळवायला हवा होता, विद्यापीठाने कळवलाच नाही. वर्षभराने बाहेरच्या लोकांनी माहिती मागवून तो उघडकीला आणला. संशोधन थांबवलं गेलं आणि २००८ मध्ये १० लाख डॉलरचा दंड झाला. इथे संसर्ग झाला याची ही शिक्षा नव्हती, लपवण्याची होती. मला हे योग्य वाटतं.

दुसरं २००३ मधलं. एका ज्येष्ठ प्राध्यापकाने आपल्याकडच्या प्लेगच्या ३० कुप्या सापडत नाहीत असं कळवलं. तपासयंत्रणा धावून आल्या, त्यांना अटक झाली. खटल्यात ६९ आरोप होते, त्यांतले ४७ सिद्ध झाले. बहुतेक पैशांच्या करारांबाबतचे, काही परवान्याशिवाय नमुने परदेशी पाठवल्याचे. तपासयंत्रणेशी खोटं बोलल्याचा आरोप मात्र टिकला नाही. दोन वर्षांची कैद झाली. परवान्याशिवाय प्लेग पाठवणं चूकच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण त्या बातमीनंतर दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत फ्रीजरची यादी जुळली नाही, तर तिथला माणूस काय करेल? फोन उचलेल, की यादीतला आकडा दुरुस्त करेल?

चूक आणि लपवणं यांना वेगळी शिक्षा, एवढं तरी कलमात उतरायला हवं असं मला वाटतं. तीच चूक वारंवार करणाऱ्याचं काय, यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पायवाट

ताई, मी आरोग्यसेविका. साथीत घरोघर फिरून संपर्क शोधण्याचं काम केलंय. आमच्याकडे वह्या नसतात, दारं असतात.

दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिला प्रश्न रोगाचा नसतो. 'मी नाव सांगितलं तर त्याला नेतील का, आणि नेलं तर चौदा दिवस घरात कोण कमावणार?' हा असतो. विलगीकरणाचा हुकूम काढणं एका सहीचं काम आहे. त्या दिवसांची मजुरी, नोकरीवरून काढता येणार नाही याची हमी, घरात अडकलेल्याला वाणसामान आणि औषध, हे कायद्यात नसेल तर तो हुकूम गरिबाला दंडच वाटतो.

मेरी मॅलनची गोष्ट मला याच कारणासाठी लागते. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण, स्वतःला काही त्रास नाही, पण विषमज्वराचे जंतू अंगात. १९०७ मध्ये तिला उचलून एका बेटावर ठेवलं. तिने १९०९ मध्ये न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या कबुलीवर सोडलं. तिला येत असलेलं कामच काढून घेतलं आणि बदल्यात मिळालं ते धुणं धुण्याचं, कमी पैशांचं काम. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात गेली, १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात लागण झाली तेव्हा सापडली, आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे आणखी २३ वर्षं, त्याच बेटावर राहिली. तिच्यामुळे माणसं मेली हे खरंच आहे. पण तिच्यासारखे जंतू बाळगणारे निरोगी लोक त्या शहरात आणखीही सापडले होते, ते आपापल्या घरी राहिले.

दुसरी गोष्ट माहितीची. आम्ही 'हे फक्त आजारासाठी आहे' असं सांगून नावं घेतो. सिंगापूरमध्ये संपर्क शोधायच्या ॲपबद्दल लोकांना हेच सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीसही ती माहिती मागू शकतात. लोक संतापले, तेव्हा फेब्रुवारीत कायदा करून ते ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरतं मर्यादित केलं. मला विचाराल तर तेवढंही नको. माझ्या हातातली यादी पोलिसांच्या हातात जाऊ शकते हे एका गल्लीला कळलं, की पुढच्या गल्लीत माझ्यासाठी दार उघडत नाही.

दक्षिणवारा

पायवाट यांनी दाराबद्दल लिहिलं, देशांच्या दारावरही अगदी हेच घडतं. मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये मंजूर झाली, १५ जून २००७ पासून लागू झाली. १९० हून जास्त देश तिने बांधलेले आहेत. सहावं कलम म्हणतं, जगाला धोका होऊ शकेल अशी घटना असल्याचा अंदाज आल्यापासून २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवा. त्रेचाळिसावं कलम दुसऱ्या बाजूला बांधतं: शिफारशीपलीकडचे प्रवास-व्यापाराचे निर्बंध घालायचे असतील तर त्याला शास्त्रीय आधार हवा, आणि ते घातल्यापासून ४८ तासांत कारणं कळवायला हवीत. कागदावर सौदा समतोल आहे. तुम्ही लवकर सांगा, आम्ही तुम्हाला वाळीत टाकणार नाही.

२४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने आपला शब्द पाळला. करोनाचा नवा प्रकार सापडल्याचं कळवलं, दोन दिवसांनी त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळालं, आणि त्याच सुमारास एकामागून एक देशांनी तिथली विमानं बंद केली. उत्तम प्रयोगशाळा असणं आणि खरं बोलणं, या दोन गोष्टींची ती शिक्षा होती. त्रेचाळिसावं कलम मोडणाऱ्याला दंड करणारी यंत्रणा नाही.

२०२४ मध्ये या नियमावलीत दुरुस्त्या झाल्या, १९ सप्टेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या, 'महासाथ आणीबाणी' अशी नवी पायरी आली. २० मे २०२५ ला महासाथ करारही मंजूर झाला. त्यातला सगळ्यात अवघड भाग, विषाणूचे नमुने द्यायचे आणि त्याबदल्यात लसींचा वाटा मिळवायचा, तो मात्र तेव्हा पुढे लिहायच्या परिशिष्टावर सोडला होता. याचं मूळ इंडोनेशियात आहे. त्यांनी बर्ड फ्लूचे नमुने जगाला देणं २००७ च्या सुमारास थांबवलं. आमच्या रोग्यांच्या नमुन्यांवरून लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे कसं चालेल, हा त्यांचा सवाल. त्या वेळी बऱ्याच श्रीमंत देशांनी त्यांना बेजबाबदार म्हटलं. मला तो सवाल तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो. त्यातूनच २०११ ची इन्फ्लुएन्झा नमुन्यांच्या देवाणघेवाणीची चौकट आली.

आणि जैविक शस्त्रबंदी करार. १९७२ मध्ये सह्यांसाठी खुला, २६ मार्च १९७५ पासून लागू. जैविक शस्त्रं बनवणं, साठवणं, मिळवणं सगळं निषिद्ध. पण पडताळणीची व्यवस्था नाही. रासायनिक शस्त्रांसाठी हेगला शेकडो माणसांची संस्था आहे, तिचे निरीक्षक कारखान्यात जाऊन बघतात. जैविक करारासाठी जिनिव्हात मोजकी माणसं. पडताळणीचा मसुदा वर्षानुवर्षं चर्चेत होता, २००१ मध्ये अमेरिकेने तो नाकारला आणि वाटाघाटी कोलमडल्या. ताईंनी लिहिलेलं स्वेर्डलोव्हस्क हा करार लागू झाल्यानंतर चार वर्षांनी घडलं, आणि सोव्हिएत संघ तर त्या कराराची मूळ प्रत सांभाळणाऱ्या देशांपैकी एक होता.

उभाआडवा

एक आगाऊ प्रश्न. आता तर जनुकांचे तुकडे पत्त्यावर मागवता येतात. २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मागवलेल्या तुकड्यांपासून घोड्याच्या देवीचा (माणसाच्या देवीच्याच कुळातला) विषाणू उभा केल्याचा निबंध छापून आला. तिथे कळवणारा कोण?

तळटीप

तुकडे बनवणारी कंपनी. बऱ्याच कंपन्या मागणी तपासतात, धोकादायक जंतूशी जुळते का, मागणारा कोण. पण बहुतेक ठिकाणी ही तपासणी स्वेच्छेची आहे. आणि संशयास्पद मागणी नाकारली, तर ती कुणाला कळवायची? ग्राहकाने गोपनीयता मोडली म्हणून दावा लावला तर कंपनीला संरक्षण कुठलं? बँकांना संशयित व्यवहार कळवण्यासाठी असं संरक्षण कायद्याने मिळतं. इथे ते क्वचितच लिहिलेलं आढळतं. तपासणी न करणारी कंपनी मात्र स्वस्त पडते.

आता काचनळीताईंच्या मूळ कामाकडे. उभाआडवा यांच्या शंकेला विमानक्षेत्राने १९७६ मध्येच एक उत्तर शोधलंय. अमेरिकेत वैमानिक, नियंत्रक, कुणीही स्वतःची चूक दहा दिवसांत कळवली तर दंड वा परवाना निलंबन माफ होतं. अट अशी की चूक मुद्दाम केलेली नको, त्यात गुन्हा नको, आणि आधीच्या पाच वर्षांत नियमभंग सिद्ध झालेला नको. म्हणजे तुमचा 'चौथ्यांदा तीच चूक' करणारा त्यात बसत नाही. आणखी एक फार शहाणपणाची गोष्ट: हे अहवाल शिक्षा देणाऱ्या खात्याकडे जातच नाहीत, ते नासाकडे जातात. ऐकणारा कान आणि मारणारा हात त्यांनी वेगळे ठेवले.

काचनळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून कच्चा मसुदा केलाय:

'१. अपघात, गळती, न जुळणारा साठा वा संशयित संसर्ग लक्षात आल्यापासून २४ तासांत कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर केवळ त्या घटनेवरून शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. मुद्दाम केलेली कृती, आणि समज दिल्यानंतरही पुन्हा केलेली तीच चूक, यांना हे संरक्षण नाही.

२. घटना लपवणे हा स्वतंत्र दोष. लपवायला सांगणारा वरिष्ठ असल्यास त्याचा दोष अधिक गंभीर धरला जाईल.

३. त्या वेळी खोलीत असलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी लेखी कळवले जाईल. तपासणी, उपचार आणि त्यासाठीची रजा पगारी असेल.

४. अहवाल जैवसुरक्षा समितीकडे जाईल, प्रशासनाकडे नाही. कर्मचाऱ्याविरुद्ध तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही.'

तळटीप

चांगलं उतरलंय. 'लक्षात आल्यापासून' ठेवा, 'घडल्यापासून' करू नका. गळती चार दिवसांनी कळू शकते. चौथ्यात एक सावधगिरी: सरकारला कळवायचं बंधन ज्या घटनांना आहे त्यांना तुमचं अंतर्गत कलम अडवू शकत नाही, तसं एक वाक्य घाला. पहिल्यात आणखी एक: चौकशी अन्यायाची वाटली तर अपील कुणाकडे, तेही लिहा.

खूर_शिंग

ताई, 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या तुमच्या नियमावलीत काय आहे? आमच्या पथकात पक्षी मारायला, खड्डे खणायला येणारे बहुतेक जण रोजंदारीवरचे असतात. संरक्षक पोशाख त्यांना शेवटी मिळतो, आणि ताप आला तर ते सांगतही नाहीत, दुसऱ्या दिवशी यायचे बंद होतात. तुमच्याकडे सफाई करणारे, नमुने वाहून आणणारे धरलेत का?

काचनळी

आत्ताच नियमावली उघडून बघितली. 'कर्मचारी म्हणजे संस्थेच्या आस्थापनेवरील कायम वा परिवीक्षाधीन व्यक्ती.' त्या दिवशी खोलीत माझ्यासोबत होती ती मदतनीस कंत्राटी होती. या व्याख्येप्रमाणे माझं नवं कलमही तिला लागू झालं नसतं.

पहिल्या आणि चौथ्यातला 'कर्मचारी' खोडलाय. त्या जागी 'प्रयोगशाळेच्या आवारात कोणत्याही नात्याने काम करणारी व्यक्ती' लिहिलंय. अपिलाचं वाक्य आणि सरकारला कळवण्याचं वाक्य आज रात्री घालते. सोमवारी समितीपुढे ठेवायचंय.